मायचा नंबर

आबा,

आज शनिवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. कामावर रजा टाकली आहे आणि घरी मायच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स फाडत बसलो आहे. आधी आडव्या, मग उभ्या, म्हणजे सलग चार आकडेसुद्धा कुणाच्या हाती लागायला नकोत. अर्धे तुकडे घरच्या डब्यात टाकणार, अर्धे कोपऱ्यावरच्या. तुम्ही असतात तर हसला असतात. तुमच्या वेळी आपल्या घराचं गुपित म्हणजे एका कुलपाची किल्ली, आणि तीही तुम्ही शेजाऱ्यांच्या दारातल्या खिळ्याला टांगून ठेवायचात.

मी चौथीत असेन. मला तो खिळा आवडत नाही. शेजारचा मुलगा, माझ्याच वयाचा, वाटेल तेव्हा कुलूप काढून आपल्या घरात शिरतो, माठातलं पाणी पितो, माझी रंगपेटी उघडून बघतो. म्हणून एके दिवशी मी किल्ली दप्तरात टाकून शाळेत जातो. माय साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर गेलेली. दुपारी परत येतो तर तुम्ही यंत्रमागावरची रात्रपाळी करून आलेले, कानात कापसाचे बोळे तसेच, आपल्याच उंबऱ्यावर भिंतीला डोकं टेकून झोपलेले आहात. डोक्याखाली शेजारच्या मुलाने आणून दिलेली त्याच्या घरची उशी. तुम्ही मला मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "किल्ली खिसामा ठेवी म्हणजे घर खिसामा उनं का रे?" मग तो उशी घेऊन निघाला तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. किल्ली खिशात घातली म्हणून घर खिशात येत नाही, हे तुमचं बोलणं मला लागलं नाही, आबा. तो हात लागला.

त्याच दिवाळीला तुम्ही एकाच कापडाचे दोन शर्ट शिवून आणलेत. त्याचा त्याला अगदी बेताचा बसला. माझा वाढत्या अंगाचा, बाह्या दोनदा दुमडलेल्या. आपल्या पोराला तो दोन वर्षं पुरायला हवा, हे आता कळतं. पण फोटोत अजूनही तो तुमचा मुलगा दिसतो आणि मी कुणाचा तरी शर्ट मागून घातलेला.

तुम्ही गेलात आणि मी नववी अर्ध्यावर सोडली. तो बारावी झाला. इथे सुरतेत, लिंबायतच्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आता त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. अख्ख्या गल्लीचे पासवर्ड त्याच्या फोनमध्ये असतात, आणि बहुतेकांचा पासवर्ड एकच आहे, त्यानेच ठरवलेला. मी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात माल पाठवायची चलनं लिहितो. डिझाइन चोरीला जाईल म्हणून शेठ सकाळी फोन गेटवरच्या पेटीत टाकायला लावतो, वर डोक्यावर कॅमेरा. शेठच्या फुलापानांना जेवढी राखण आहे, तेवढी गरिबाच्या अंगठ्याला नाही.

मायची विधवा पेन्शन अडकली होती. तुमच्या नावातला दीर्घ ऊ एका कागदावर ऱ्हस्व पडला होता. मी तो दुरुस्त व्हावा म्हणून अर्ज केले, पोच घेतली, महिनोन्महिने वाट पाहिली. त्याने आपल्या दुकानात बसून एका दुपारी दुसऱ्या कागदावरही ऱ्हस्व करून टाकला आणि काम झालं. सरकारदरबारी तुमचं नाव आता कायमचं चुकीचं आहे, आणि माय मात्र खूश. गेल्या महिन्यात तो दुकानातूनच ओरडला, "मावशी, पेन्शन जमा व्हयनी! चहा पाज!" रक्कमही ओरडून सांगितली, सगळ्या गल्लीला ऐकू गेली. तुला कसं कळलं, असं मी त्याला विचारलं.

"मेसेज मनाच फोनवर येस ना, मास्तर," तो म्हणाला. मी काना-मात्रा तपासतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. "त्या दिनले कोड येवाना व्हता, तुना फोन पेटीमा. मी मना नंबर टाकी दिधा. तू काय वेलांटी तपासत बसतास."

म्हणजे, स्वतःचा फोन नसलेल्या मायला सरकारला काही सांगायचं झालं, तर त्याचा फोन वाजतो. आधारमध्ये मायच्या नावापुढे त्याचा नंबर आहे, तिने अंगठा दिला तेव्हा त्याने घातलेला. मला वाटतं, सरकारने माणसाबद्दल कामापुरतंच जाणून घ्यावं, आणि माणसानेही वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये. पण मायला वाचता येत नाही. मग तिच्यासाठी वाचण्याची जबाबदारी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची. तिथे उभं राहायचा हक्क माझा होता आणि उभा तो होता. माझी चिडचिड मायच्या माहितीसाठी किती आणि त्या जागेसाठी किती, हे मला नीट वेगळं करता येत नाही.

म्हणून आज सकाळी मायला रिक्षात घालून आधार केंद्रावर नेलं. नंबर बदलायचा फॉर्म मी घरीच भरला होता, एकही खाडाखोड नाही. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहिलं होतं, 'फक्त मोबाइल नंबर बदलण्यासाठी'. खिडकीतला माणूस ते बघून हसला आणि कोणता नंबर ठेवायचा ते त्याने मायलाच विचारलं, "बा, कयो नंबर राखवानो?"

"माझा," मी म्हणालो.

मायने पदर सावरला. "ऱ्हाऊ दे रे भाऊ," ती त्या माणसाला म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्या रांगेसमोर, "मी रेशनना लाइनमा चक्कर ईसन पडनी, तवय तुले सुटी व्हती, लोकेसनी तुले फोन लावा. तू कापी टाका. तो उना, गाडीवर बसाडीसन दवाखानामा लयी गया. जो उचलस त्याना ऱ्हाऊ दे."

"माय, अनोळखी नंबर होता."

"मी व्हती ना त्यामा," माय म्हणाली.

"भाई, जल्दी करो, पाछळ लाइन छे," खिडकीतला म्हणाला. मी फॉर्म परत घेतला. नंबर त्याचाच राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. झेरॉक्सबरोबर याचेही तुकडे करीन, अर्धे इथे, अर्धे तिथे. फक्त एक सांगायचं राहिलं. त्याचा फोन आला की मी तो वाजू देतो, आजवर असंच केलं. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव आडनावासकट शुद्ध लिहिलेलं होतं, ते दिसलं की उचलावंसंच वाटायचं नाही. परत येताना रिक्षात, माय बाहेर बघत असताना, मी ते नाव खोडलं आणि त्या जागी 'माय' लिहिलं. आता वाजला तर उचलीन. पलीकडून त्याचा आवाज आला की पोटात दुखेल, ते दुखणारच. त्याला हे सांगितलेलं नाही. मायलाही नाही.