कातळातली फट

९ ऑक्टोबर, सोमवार
बेटाची सहल गुरुवारी. वर्गशिक्षक म्हणून या वेळी एकच ध्येय: कुझुमी इबुकीला बोलतं करणे. एप्रिलमध्ये शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हापासून ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. हजेरीला नुसता हात वर करते. बाकीच्या शिक्षकांनी नाद सोडला. मी सोडणाऱ्यातला नाही. मुलं माझ्यापाशी मोकळी होतात, ही माझ्या स्वभावाची देणगीच आहे.

पी.टी.च्या हातानो मॅडम सहलीला सोबत आहेत. म्हणाल्या, तोकुमारु सर, कुझुमीबद्दल तुम्हाला काही सांगायचं होतं. म्हटलं, मॅडम, मला नुसत्या चेहऱ्यावरून कळतं. मग मुलांशी संवाद कसा साधावा यावर त्यांना थोडं मार्गदर्शन केलं. मधली सुट्टी संपली.

वजन कमी करायचंय. सहलीनंतर.

१२ ऑक्टोबर, सकाळ, बोटीवर
समुद्र शांत. कुझुमी एकटीच कठड्याशी. संधी साधली. शेजारी उभा राहून एकटेपणावर बोललो. मग समुद्र, माझं कॉलेज, धैर्य. एकदा ती "सर, मी..." म्हणाली, पण मला तेव्हाच एक फार चांगला मुद्दा सुचला होता. तेवढ्यात बेट आलं.

सुरुवात उत्तम.

दुपार
समुद्रात उभी असलेली देवळाची लाल कमान, मग किनाऱ्याची देवळं. प्रत्येक देवळापुढे थांबून माहिती दिली. पहिल्या देवळाला सगळा वर्ग होता. शेवटच्याला सेन्दो. तो वर्गाचा मॉनिटर आहे, त्याला पळता येत नाही.

संध्याकाळ, मुक्कामी
जेवताना मुद्दाम कुझुमीच्या शेजारी बसलो. ती सूप वाढायला म्हणून उठली ती शेवटपर्यंत वाढतच राहिली. सेवाभाव. कौतुक करायला हवं.

१३ ऑक्टोबर, सकाळ
आज डोंगरावरचं देऊळ. त्याच्यामागे दोन कातळांमध्ये एक अरुंद फट आहे. तिच्यातून पलीकडे निघालं की माणूस नव्याने जन्मतो म्हणे. मन सरळ असेल तर देव वाट देतो, असं इथले लोक मानतात. मी सर्वांत आधी जाणार. कुझुमीला उदाहरण घालून द्यायचं.

दुपार, खोलीत. आडवा पडून लिहितोय.
अडकलो. शांतपणे लिहून ठेवतो.

फटीच्या तोंडाशी उभं राहून दोन शब्द बोलावेत म्हटलं. माझं बोलणं चालू असताना मुलं माझ्या बगलेखालून एकेक करून पलीकडे निघून गेली. मी शेवटी शिरलो. निम्म्यात छाती पुढच्या कातळाला, पाठ मागच्याला. ना पुढे, ना मागे. एक हात वर. सेन्दोने तो हात धरून ओढला. हात लांब झाला, मी नाही.

मानागी नावाचा एक आगाऊ मुलगा आहे. त्याने विचारलं, "सर, तुमचं मन वाकडं आहे का?" नंतर बघतो त्याच्याकडे.

हातानो मॅडम सगळ्यांना घेऊन पुजाऱ्यांना बोलवायला निघाल्या. सरांपाशी कोण थांबतंय, म्हणाल्या. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. कुझुमीने हात वर केला.

ती माझ्या तोंडासमोर एका दगडावर बसली. अशी वेळ पुन्हा येणार नव्हती. पण छाती दाबलेली, दोन शब्दांपुढे श्वासच पुरेना. "कुझुमी, भिऊ..." एवढंच झालं.

ती म्हणाली, "सर, तुम्ही नका बोलू. दम लागेल. मी बोलते."

आणि बोलली. एप्रिलमध्ये ती स्टाफरूममध्ये आली होती म्हणे. आई हॉस्पिटलात आहे, सकाळी धाकट्या भावाचं आवरून त्याला शाळेत सोडावं लागतं, म्हणून उशीर होतो, एवढंच सांगायला. "मी 'आई' म्हणाले आणि तुम्ही पहाटे उठण्याचे फायदे सांगायला लागलात. फायदे खूप होते, सर. मग घंटा झाली." त्यानंतर तिला वाटायला लागलं की आपण सुरुवात केली की वाक्य दुसरंच कोणीतरी संपवणार. मग सुरुवात तरी कशाला करायची.

आता आईला मावशीच्या गावी हलवलंय. ही दोघं भावंडंही तिकडेच जाणार. सोमवारपासून शाळा दुसरी. "काल बोटीवर हेच सांगत होते."

मला पुष्कळ बोलायचं होतं. कातळ बोलू देईना. शेवटी जमले ते दोनच शब्द: "भाऊ... कसा?"

ती हसली. आजवर तिला हसताना पाहिलं नव्हतं. भावाबद्दल बराच वेळ सांगत होती. तो गोड ऑम्लेटशिवाय काही खात नाही. ताईने जाऊ नये म्हणून सकाळी तिचा एक बूट लपवतो. एकदा भाताच्या कुकरमध्ये सापडला. मी ऐकलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

पुजारी तेलाची बाटली घेऊन आले. म्हणाले, घाबरू नका. मुलं कधीच अडकत नाहीत, अधूनमधून एखादे सर अडकतात. प्राचार्यसुद्धा काढलेत इथून. श्वास सोडा म्हणाले, आणि सोडलेलाच ठेवा. निघालो. शर्टाची बटणं देवाला.

निष्कर्ष: मोहीम फत्ते. मुलगी बोलती झाली. पद्धत थोडी वेगळी पडली, इतकंच.

छाती दुखतेय. बाम लावला. जिथे लावला तिथे नाही दुखत.

संध्याकाळ, परतल्यावर
धक्क्यावर कुझुमीची मावशी उभी होती, आणि तिचा हात धरून एक छोटा मुलगा. सगळा वर्ग निरोपाला रांगेत उभा. मुली रडत होत्या. मानागीसुद्धा. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. हातानो मॅडमना विचारलं, मला कसं कोणी सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, सर, मी तीनदा सांगायला आले होते.

बोटीत निरोपाचं भाषण तयार केलं होतं. कुझुमी समोर आली, वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, "बोल."

म्हणाली, "काही नाही, सर. माझं सांगून झालंय."

१६ ऑक्टोबर, सोमवार
संकल्प: आजपासून वर्गात कमी बोलायचं. मुलांना बोलू द्यायचं.

पहिल्या तासाला विचारलं, सहल कशी वाटली? आणि गप्प उभा राहिलो. कोणी बोलेना. मी थांबलो. आणखी थांबलो. कुजबुज सुरू झाली. सेन्दोने उठून विचारलं, सर, दुखतंय का कुठे? मी नुसती मान हलवली. मानागी म्हणाला, अरे, सर बोलतच नाहीयेत, आत काहीतरी मोडलंय! दोघांनी दोन्ही दंडांना धरून मला आजाऱ्यांच्या खोलीत आणलं. नर्सबाईंनी बरगड्या दाबून पाहिल्या. पडून राहायचं म्हणाल्या, आणि एक शब्द बोलायचा नाही.

वरच्या मजल्यावरून वर्गाचा आवाज येतोय. सगळे एकदम बोलताहेत. काय बोलताहेत ते इथून ऐकू येत नाही.