सेनापतीचे शिरस्त्राण आणि धाकटीचे नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, नाटक कंपनीच्या पोशाखखान्यात अडतीस वर्षे काम केलेली, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो तो वयामुळे, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती; दोन्हींत धाकट्या बहिणीला काहीच ठेवले नव्हते.

१. राहती जागा व बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला. चुलतभावाने नेलेली शिडी अकरा वर्षांत परत आली नाही. ती आता त्याचीच.

२. कामाची खोली, शिवणयंत्र, करवती व साचे धाकटीला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

आम्ही दोघी एकाच पोशाखखान्यात होतो. संग्रहालयातल्या शिरस्त्राणाची हुबेहूब प्रतिकृती मी दोन महिने खपून केली होती, सेनापतीच्या भूमिकेसाठी. ते नाटक बारगळले. पुढच्या नाटकात रण सोडून पळालेला शिपाई होता. दिग्दर्शक म्हणाले, "नवं काही मिळणार नाही. आहे त्यातूनच करा."

मी साफ नकार दिला आणि त्याच आठवड्यात तापाने पडले. चार दिवसांनी येऊन पाहते तो धाकटीने तुरा कापला होता, गालपट्ट्या गरम करून बाहेर वाकवल्या होत्या, सोनेरी रंग खरवडून गंजाचा दिला होता. आतले अस्तर तिने मुद्दाम काढले होते. त्यामुळे ते नटाच्या डोक्यावर सैल बसायचे आणि त्याला सारखे सावरावे लागायचे. रंगीत तालमीला तो नुसता आत आला, एका हाताने शिरस्त्राण धरून. त्याची भीती कळायला शब्द लागलाच नाही.

दोन महिन्यांत मला जे सुचले नाही, ते तिला चार दिवसांत सुचले होते.

नाटकाच्या पुस्तिकेचा कच्चा छाप तपासायला माझ्याकडे आला. 'शिरस्त्राण' या शब्दापुढे तिचे नाव होते. मी ते खोडून माझे लिहिले.

पहिल्या प्रयोगाला पुस्तिका हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, माझं नाव छापताना चुकलं वाटतं."

"छापखान्यात होतं असं," मी म्हणाले.

वर्षभरात ती दुसऱ्या कंपनीत गेली. तिची सगळी नाटके मी मागच्या रांगेत बसून पाहिली, खोट काढायला. काढता आली नाही.

३. ते शिरस्त्राण कंपनीच्या दालनात काचेआड आहे. खालच्या पाटीवरचे माझे नाव काढून धाकटीचे घालावे. 'दोघी बहिणी' असे कोणी सुचवील. तसे करू नये.

४. हे सगळे मी तिला मागच्या मंगळवारी तोंडाने सांगितले. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं गं. खोडलेला कागद छापखान्यातल्याने दाखवला होता. अक्षर तुझंच." मग टेबलावरचा माझा नवा मुखवटा तिने उचलला, उजेडाकडे धरला. "ताई, हे मला नसतं जमलं."

तिला असे सहज म्हणता येते. मला अजून त्याचाही हेवा वाटतो.

साक्षीदार: १. शेजारच्या चष्मेवाल्या बाई (सही)
२. कंपनीचे दिवेवाले काका (सही)

ठिकाण: कामाची खोली
दिनांक: सात फेब्रुवारी

लिहून देणार: पोशाखवाली थोरली (सही)