सुमनच्या पायाखालची हराळी

३ मार्च, सोम.
फिजिओथेरपिस्ट निलोफर सुमनचा व्यायाम करून घ्यायला आली होती. जाताना मला ओट्यावर बोलावलं. "काका, हाड जुळलंय. वजन टाकायला डॉक्टरांनी परवानगी देऊन तीन आठवडे झाले. मावशी पायच टेकवत नाहीत. अजून महिनाभर असं चाललं तर पाय आखडेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."
सुमन आतून ऐकत होती. "त्या फरशीवर पाय ठेवनार नही मी."
घरभर चकचकीत फरशी. दुकानात तीन तास घालवून मीच पसंत केलेली. डिसेंबरात बायको तिच्यावरच घसरली, खुबा मोडला.
"मग कुठे ठेवशील?"
"गवतवर."
मागच्या अंगणात गवताची काडी नाही. तिला ते ठाऊक आहे.

५ मार्च, बुध.
निलोफरकडे नक्की तारीख मागितली. वर्तमानपत्रातल्या नोकरीची जुनी खोड, तारखेशिवाय काम सुचत नाही. तिने १२ एप्रिल दिली. "त्यापुढे नको, काका."
ओळखीच्या माळ्याने लॉनच्या हराळीच्या दोन गोण्या दिल्या. बी नको म्हणाला, कांड्या लावा. प्रत्येक तुकड्याला दोन-तीन पेरं हवीत. पेर मातीत, शेंडा वर.

९ मार्च, रवि.
लावली. चार बोटांवर एक कांडी. कंबर गेली.
सुमनचा पलंग अंगणाच्या खिडकीशी. ती कोरीटची, शेतकऱ्याची मुलगी. लहानपण कपाशीतली हराळी खुरपण्यात गेलेलं. "हरयी कोनी लावस का? डोकं फिरनं का तुम्हनं?"
हसली. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

१३ मार्च, गुरु.
कांड्या पिवळ्या. नळ एक दिवसाआड, म्हणून टाकीतलं पाणी झारीने, दोन वेळा. माझी आंघोळ अर्ध्या बादलीत. सुमन रोज विचारते, "मरनी का?"

१८ मार्च, मंगळ.
कोंब! पेरापेराला. सुमनला सांगितलं. "हं," एवढंच.
आता विचारत नाही. खिडकीकडे पाठ करून झोपते. पिवळी होती तेव्हा बरी चौकशी चालायची.

२३ मार्च, रवि.
सकाळी औषधं आणायला गेलो. तासाभराने परत आलो तर हिरामण अंगणात उकिडवा बसलेला, हातात खुरपं. सुमनचा धाकटा भाऊ. कोरीटहून बहिणीला बघायला आला होता.
"दाजी, अंगनमा काय हरयी व्हयेल व्हती! सगयी काढी टाकी. एक काडी ठेवी नही."
अंगण स्वच्छ. हिरवा ढीग कुंपणाबाहेर, उन्हात. येताना त्याने आणलेली पपई ओट्यावर तशीच. पाणीसुद्धा प्यायला नव्हता. हराळी दिसली की या माणसाचे हात थांबत नाहीत. त्याला सांगून ठेवायचं माझ्याकडून राहिलं. त्याच्यावर काय रागावणार.
आत गेलो. सुमन खिडकीशी बसलेली. खिडकी उघडी.
"तू पाहत होतीस?"
"व्हय."
"मग त्याला थांबवलं का नाहीस?"
चादरीची कड बोटाला गुंडाळत राहिली.
"तुला चालायचंच नाही का, सुमन?" आवाज चढला माझा. हिरामण खुरपं घेऊन दारात आला.
"काय व्हयनं, दाजी?"
उत्तर तिनेच दिलं. "ती हरयी मन्हासाठे लायेल व्हती."
"मंग बोलनी काबर नही तू?"
तिने चादरीची कड सोडली. मग, "हरयी ऱ्हाती तर पाय ठेवना पडता."

तोच दिवस, संध्याकाळ
हिरामणने कुंपणाबाहेरचा ढीग ओल्या गोणपाटात गोळा केला. मी म्हटलं, राहू दे, मेली असेल. तर मलाच हसला.
"हिले मी तीस वरीस मारी ऱ्हायनू, दाजी. मरनी नही. एक दिनना ऊनमा काय मरी?"
विळ्याने बारीक तुकडे केले, शेण-मातीच्या चिखलात कालवले, हाताने अंगणभर पसरले. ओळी नाहीत, अंतर नाही. वरून ओलं गोणपाट. निघताना दारातूनच बोलला, "आक्का, आते उगनी तर मी काढाले येनार नही. तूच दखजो."
वीस दिवस उरले.

२४ मार्च, सोम.
दिवसभरात बोलणं औषधापुरतं. काल ओरडायला नको होतं. पण ती तासभर पाहत बसली, आणि एक हाक...

२ एप्रिल, बुध.
गोणपाट केव्हाच काढलं. कोंब सगळीकडे, वेडेवाकडे. ऊन फार. दुपारपुरता जुन्या साडीचा आडोसा बांधतो.
सुमन: "त्या कोपरामा पानी कमी पडी ऱ्हायनं." म्हणजे पाहते आहे.

८ एप्रिल, मंगळ.
निलोफरने तिला खुर्चीत बसवून अंगणाच्या कडेला नेलं. गवत विरळ, पण मऊ. सुमनने पाय गवतापासून चार बोटांवर आणला. "मावशी, मी धरलंय ना." दहा मिनिटं तशीच. घाम. मग पाय वर घेतला.
"शनिवारी येते," निलोफर मला म्हणाली.

११ एप्रिल, शुक्र.
सकाळी सुमनला खुर्चीत, अंगणाच्या कडेला बसवलं. गवतात मधोमध मोथ्याचा, त्या चिवट तणाचा, एक कोंब दिसला. खुर्चीपासून सहा-सात हात. आल्यावर उपटू म्हटलं आणि दुधाला गेलो. फाटकाला बाहेरून कडी.
अर्ध्या तासाने आलो. कडी तशीच. काठी आत, पलंगाशी. सुमन खुर्चीत, धापा टाकत. मांडीवर मोथा, खालच्या गाठीसकट, माती ओली.
मी मोथ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.
"काय दखतस? हरयीमा मोथा ऱ्हाऊ देतस का कोनी?"
पुढे विचारलं नाही. तिला आत नेलं. पाय धुवू का म्हटलं, तर नको म्हणाली.
संध्याकाळी पाणी घालायला गेलो. खुर्चीच्या जागेपासून मोथ्याच्या खड्ड्यापर्यंत गवत दबलेलं आहे. पावलांनी की गुडघ्यांनी, कळत नाही.
झारी भरलेलीच ठेवली. उद्या निलोफर येऊन पाहीपर्यंत तिथे पाणी नको.