माशांचा सोमवार

सातारा, १० नोव्हेंबर १९७१

ती. विनोदिनीमावशींस उमाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही शाळेत रसायन शिकवलेलं, म्हणून त्रास देते. नौदलाच्या बोटीवर परतण्यापूर्वी ह्यांनी रत्नागिरीहून समुद्राचं पाणी, वाळू आणि दोन पट्टेरी मासे आणून काचेची टाकी मांडली. मी येईपर्यंत सांभाळ, म्हणाले. आता पाणी गढूळलंय, वास येतो, मासे वर येऊन तोंड उघडतात. खाणं मी चिमूटभरच घालते, वाळू रोज नळाखाली लखलखीत धुते. सासूबाई म्हणतात, मासे पोहताहेत तोवर मधू सुखरूप. मला धास्ती बसली आहे.

लोभ असू द्यावा.
आपली, उमा

सांगली, १४ नोव्हेंबर

चि. सौ. उमा हीस आशीर्वाद, वि. वि.

वाळू धुणं आजपासून बंद. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया होतो. तो विषारी. तो पचवणारे सूक्ष्म जीव नव्या वाळूत सावकाश वस्ती करतात आणि तू त्यांना रोज मोरीत सोडतेस. मधूने कॅनमध्ये साठवलेलं पाणी असेल, त्यातून चौथाई बदल. सगळं नव्हे. आता खरं सांग, टाकीत खायला पडतं काय? तुझ्या चिमटीने एवढा वास येणार नाही. रडू नकोस, लक्ष ठेव.

लोभ आहेच, तो टिकवायचा तर वाळूला हात लावू नकोस.
विनोदिनीमावशी

सातारा, १९ नोव्हेंबर

ती. मावशींस सा. नमस्कार.

तुमचा तर्क खरा. माहुलीच्या घाटावर माशांना घालतात तशा कणकेच्या गोळ्या सासूबाई रोज रामनाम घेत टाकीत सोडतात. शेजारच्या हरणाबाईही, लय पुण्य लागतं म्हणत, मूठभर टाकून जातात. मी अडवलं तर सासूबाई म्हणाल्या, मुक्या जिवांना उपाशी ठेवून माझ्या पोराचं भलं होईल का गं? मावशी, एक मासा आज तळाशी पडून आहे. कल्ले तेवढे हलतात. तो गेला तर सासूबाईंना काय सांगू?

तुमची, उमा

सांगली, २१ नोव्हेंबर

ती. अक्कास विनूचा नमस्कार.

उमाला बोलू नकोस, मला बोल. नदीचं पाणी वाहतं, गोळ्या पुढे जातात. टाकीतल्या कुठे जाणार? तिथेच कुजतात. मधूसाठी तू सोमवार धरलेस ना? मग माशांनाही उपवास धरू दे. वास जाईपर्यंत त्यांना काही नको. एवढ्याने मासे मरत नाहीत, जबाबदारी माझी. पुढेही उमाच घालील, चिमूटभर. तुझ्या गोळ्या माहुलीला ने. हरणाबाईंनाही ने, पाय मोकळे होतील.

थोरली आहेस म्हणून पाया पडते, पण ऐक. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी, विनू

सातारा, ११ जानेवारी १९७२

चि. विनूस आशीर्वाद.

तुझं ऐकलं. पडलेला मासा उठला, पाणी निवळलं. मग उमा चिमूटभर घालू लागली. सोमवारी मात्र आम्ही तिघंही उपाशी, मी आणि ते दोघे मासे. लढाईच्या दिवसांत मी रेडिओ लावून टाकीसमोर बसायची. हात कणकेकडे जायचा. उमा नुसती बघायची, मग मी हात मागे घ्यायची.

काल सोमवारी तिन्हीसांजेला मधू दारात उभा. पिशवी खांद्यावरच, आधी टाकीत डोकावला, मग माझ्याकडे. म्हणाला, मासे बारीक झालेत, आई, आणि तूही. मी म्हटलं, उपवासाचे आहोत, चल पानावर. पहिला घास त्याला भरवला. माशांना आज माझ्या हाताने घालायची उमाने परवानगी दिली आहे.

तर चिमूट म्हणजे नेमकी केवढी, तेवढं उलटटपाली कळव. तोवर हात पदराखाली धरून बसले आहे.

तुझा लोभ आहे, धाकही आहे.
अक्का