मागच्या भिंतीतलं दार

प्रिय श्रावस्ती,

जयभीम. सगळ्यात आधी कडूबाई आली. पायात चप्पल न्हाय, पदर जागेवर न्हाय, अन् दारातूनच म्हणती, मुक्ताक्का, आपल्या शाळेला कुणीतरी हातोडी मारायलंय. एवढं बोलून तिनं माझा अर्धा कप चहा पिला आणि तीच बातमी घेऊन पुढच्या गल्लीत गेली. तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी निघाले. ती जळून कोळसा झाली, तुझा बाबा अजून ऐकवतोय. पण बाय, मी लई आनंदात आहे, आणि धास्तावले पण आहे. हे पत्र तीन दिवसांपासून लिहिते. अक्षर तिसरीतलंच आहे, समजून घे. अंगणवाडीची गायत्री फोटो काढून तुला मोबाईलवर धाडणार. वाचू नको म्हणून तिला शपथ घातलीय.

शाळेत जिल्ह्याहून इंजिनेर मॅडम आल्या होत्या, वृषाली त्यांचं नाव, आणि संगं हातोडीवाले दोघं. पावसानं मागच्या भिंतीचा गिलावा पडला ना, तिथं दोन भेगा दिसायला लागल्यात, जमिनीपासून माणसाच्या डोक्याएवढ्या उंच. मॅडम म्हणाल्या, पाया खचलाय, भूकंपात हललेली भिंत आहे, इमारत धोक्याची. असला कागद एकदा झाला की शाळा पाडायची आणि त्रेचाळीस पोरं हायवेच्या पल्याडच्या गावाला जायची. ट्रका कशा पळतात तिथं, तुला ठाऊक. पोरं जातील एकवेळ, पोरींना कोण धाडणार? कडूबाईच्या नातीचं तर लगेच ठरलं, घरी बसायचं म्हणून.

मी भिंतीपाशी गेले. म्या म्हणलं, मॅडम, त्र्याण्णवच्या भूकंपात माझं घर पडलंय. भूकंपाची भेग वाकडी पळती, सापावानी. ही बघा कशी सरळ आहे, दोन्हीकडं सारखी. ही भेग न्हाय, हे दार आहे. बुजवलेलं. हातोडीवाला हसला. मॅडम हसल्या न्हाईत. त्या तिथंच मातीत बसल्या, वही काढली आणि म्हणाल्या, सांगा आजी, सावकाश. श्रावस्ती, माझ्या तोंडचं कुणी वहीत लिहून घेतलं, असं सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

मग मला तुझी शाळा आठवली. म्हंजे तुझं ते रशियातलं होस्टेल. तू गेल्या वेळी सांगितलंस की ते आधी शाळाच होतं, धान्याच्या व्यापाऱ्यानं शंभराच्या वर वर्षांमागं बांधलेलं, लाल विटांचं. श्रीमंतांच्या पोरी रस्त्याच्या दारानं आत यायच्या आणि स्वयंपाकिणींच्या पोरी अंगणातल्या दारानं. पुढं लढाईत त्याच वर्गांत जखमी शिपायांच्या खाटा पडल्या, मग परत शाळा, मग तुम्ही. आणि हे सगळं दाराशी पाटीवर लिहिलंय, अंगणातलं दार सुद्धा. म्या तवाच म्हणलं होतं, तिकडंबी मागचं दार होतंच म्हणायचं. मॅडमना हे सांगितलं तर म्हणतात, आजी, तुम्ही रशियाला कधी जाऊन आला? म्या म्हणलं, माझी नात रोज तिथं झोपती.

तर आपलं दार. आपली शाळा निजामाच्या वेळची. पुढचं दार गावाचं, मागचं आमचं. मागनं यायचं, भिंतीला टेकून बसायचं, मागनंच जायचं. छप्पन साली आमच्या दादांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, दीक्षा घेतली आणि आल्या आल्या बिराप्पा गुरुजींना जाऊन सांगितलं, आता माझी पोरगी मागनं यायची न्हाय. गुरुजी धनगराचे, कमी बोलायचे. पुढल्या रविवारी त्यांनी दगड आणले, मातीचा गारा कालवला आणि आम्हा पाच पोरांकडून एकेक दगड ठेवून घेतला. माझा खालून दुसऱ्या थरात आहे, डाव्या अंगाला. वरचं सागाचं लाकूड काढलं तर भिंत उतरंल म्हणून ते तसंच ठेवलं. सोमवारी आम्ही पुढनं गेलो.

हे गावात आता आम्हा दोघांनाच ठाऊक. मी आणि भीमाशंकर, तो पुढच्या रांगेत बसायचा. मॅडमनी त्याला बोलावलं. तो काठी टेकत आला, भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं न्हाय, आणि म्हणाला, असलं दार आपल्या गावात कधी नव्हतं, बाईचं वय झालंय. म्या म्हणलं, भीमाशंकरा, वय तर तुझं माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त आहे. लोक हसले. त्याला शाळा पडावी असं वाटत न्हाय गं, त्याचा पणतू आहे तिथं. त्याला फक्त दार नकोय. मॅडम म्हणाल्या, दोन माणसं दोन गोष्टी सांगतात, तेव्हा गिलावा फोडून बघू. वर लाकूड निघालं तर हे दारच, म्हंजे भिंत पक्की आहे, कागद रद्द. न्हाय निघालं तर सही करावीच लागंल. तेव्हापासून एकच घोर. म्या बघितलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. पुढं कुणी ते लाकूड जाळायला नेलं असंल तर?

आता जे सांगायला बसले ते सांगते. मॅडमनी माझ्याकडून लेखी मागितलंय आणि ते सोमवारी ग्रामसभेत वाचणार. त्यात पुढचंही लिहावं लागलं. तुम्हा सगळ्यांना म्या सांगत आले की आईच्या दुखण्यानं माझी शाळा सुटली. तसं न्हाय. दार बुजवलं आणि दोन महिन्यांत बिराप्पा गुरुजींची बदली झाली. नवीन गुरुजी मला काही बोलले न्हाईत, मारलं न्हाय. फक्त हजेरीत माझं नाव घ्यायचे न्हाईत. मी आठ दिवस पुढच्या दारानं जाऊन बसले, नाव यायची वाट बघत. नवव्या दिवशी गेले न्हाय. दादांना खरं सांगितलं असतं तर ते भांडायला गेले असते आणि गावानं त्यांना जिवंत ठेवलं नसतं. म्हणून म्या म्हणलं, मला शाळा आवडत न्हाय. त्यांनी पुन्हा कधी विचारलं न्हाय. माझ्या पोरीला शिकायचं नव्हतं, असंच समजून ते गेले. गावाच्या आधी हे तू ऐकावंस, माझ्या हातचं, म्हणून हे पत्र. राजपालला, तुझ्या बाबाला, उद्या सांगते. मॅडम सभेनंतरच्या बुधवारी सकाळी दहाला, छिन्नीवाला घेऊन, गिलावा फोडायला येते म्हणून सांगून गेल्यात.

तुझीच,
मुक्ताआजी