तळमजल्याची खोली आणि अप्पांचा निरोप

मी, ऊर्मिला पद्माकर खांबेटे, माहेरची ऊर्मिला विष्णू करंबेळकर, वय बहात्तर, राहणार बॉबलिंगेन, जर्मनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मी ऐकून घेतले आहे. डोक्याबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणजे डोके ठीक आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला इथे साक्षीदार लागत नाहीत, असे नोटारने सांगितले. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. दोघे आहेत, खाली सह्या करतील. मराठीतून लिहिलेले चालते. जर्मन भाषांतर माझी मुलगी स्वरूपा करून घेईल.

१. बॉबलिंगेनचे घर, तळमजल्यावरची खोली वगळून, स्वरूपाचे. खोलीचे कलम सहावे, ते पुढे येईल. बँकेत जे असेल तेही स्वरूपाचे. तिने त्यातून माझ्या नावाने काहीही भरवू नये. ना स्पर्धा, ना व्याख्यान.

२. पुण्याच्या घरातला माझा हिस्सा धाकटी बहीण मनोरमा हिला.

३. इथल्या मराठी मंडळाच्या नीताबाईंनी गणपतीत नेलेले मोदकपात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे. परत आणून दिले तरी घेऊ नये. त्या पात्राचा विषय मी आजपासून बंद केला आहे.

४. माझी चित्रपटातली तलवार नात अन्वीला. धार नाही, वजन मात्र खरे आहे. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिने विचारले, "आजी, इस्ट डास एश्ट?", म्हणजे ही खरी आहे का. मी म्हटले, "एश्ट आहे. आधी हात धुऊन ये." ती भिंतीवर टांगू नये. वापरावी.

५. त्या चित्रपटाची डीव्हीडी आणि दोन छायाचित्रे स्वरूपाला. अन्वीने सोळा वर्षांपर्यंत फक्त मारामाऱ्या पाहाव्यात.

इथे थोडे लिहिणे भाग आहे, कारण पुढचे कलम त्याशिवाय कळणार नाही.

माझे वडील, अप्पा, शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी मुलींची व्यायामशाळा चालवत. लाठी, जंबिया, तलवार हे सर्व मी त्यांच्याकडे शिकले. बी.ए. झाल्यावर शारीरिक शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळून मी जर्मनीला आले. सुट्टीत म्युनिकच्या एका स्टुडिओत काम मिळाले. इटलीतल्या प्रौढांसाठीच्या चित्रकथेवरून सूडाचा चित्रपट निघत होता. जहागीरदाराची मुलगी मुखवटा घालून आपल्या बापाच्या मारेकऱ्यांना एकेक करून संपवते. नटीला घोडा येत नव्हता आणि तलवारही येत नव्हती. मला तलवार येत होती, घोडा मी तिथे शिकले. मुखवटा, सोनेरी केसांचा टोप आणि कोपरापर्यंत हातमोजे, त्यामुळे कातडीचा रंग कोणाला कळला नाही. मुखवटा उतरला की ती इटालियन नटी. कपडे उतरले तरी तीच. सबंध चित्रपटात माझा चेहरा कुठेही नाही.

माझ्या यजमानांचे, पद्माकरांचे, मित्र शरदचंद्र तेव्हा झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर होते. मला ते मंडळामुळे ओळखत. १९७१ साली रजेवर पुण्याला जाताना त्यांनी मासिकातले जाहिरातीचे पान सोबत नेले. त्यावर ती नटी, एका हातात तलवार आणि अंगावर फारसे काही नाही. चित्रपट त्यांनी पाहिलेला नव्हता. ते पान त्यांनी आमच्या ओट्यावर बसून अप्पांना दाखवले. "तुमची ऊर्मिला यात आहे," एवढेच सांगितले.

आईने मला कळवले, मनोरमाचे लग्न होईपर्यंत येऊ नकोस. अप्पांनी काहीच कळवले नाही. पत्र घालणे हे त्यांच्या मते आईचे काम होते, हे मला लहानपणापासून माहीत होते. तरी मी त्यांच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावला आणि गेले नाही. दोन वर्षांनी तार आली. अप्पा गेले होते.

पुढे माझे पद्माकरांशी लग्न झाले आणि शरदचंद्र आमच्याकडे दर रविवारी जेवायला येऊ लागले. "वहिनी, आमटी फर्स्ट क्लास" म्हणत. पान दाखवले ते मला माहीत होते. पद्माकरांखातर मी वाढत राहिले. त्यांची पत्नी गेल्यावर पद्माकरांनी त्यांना तळमजल्याची खोली दिली. पद्माकर गेले, शरदचंद्र राहिले.

मागच्या वर्षी म्युनिकच्या एका छोट्या थिएटरात तो चित्रपट पुन्हा लागला. मी मुद्दाम दोन तिकिटे काढली आणि शरदचंद्रांना सोबत नेले. दुपारचा खेळ होता, माणसे तुरळक. दिवे लागल्यावर ते म्हणाले,

"वहिनी, तुम्ही कुठे दिसलातच नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटले.

ते हसले, मग हसायचे थांबले. खुर्चीतून उठेनात.

"वहिनी, एक सांगायचं राहून गेलं. अप्पांनी निरोप दिला होता."

"कोणाच्या अप्पांनी?"

"तुमच्या. मी ते पान दाखवलं, त्या दिवशी."

"मग इतकी घाई कशाला केलीत?"

परतीच्या गाडीत ते उल्मपर्यंत रडत होते. मी रुमाल दिला नाही. निरोप का दिला नाही, असे विचारले. "चुगली मीच केली होती ना. तुमच्या दारात कोणत्या तोंडाने उभा राहू? आज सांगू, उद्या सांगू असं करता करता अप्पाच गेले. मग तर बोलायची सोयच राहिली नाही." निरोप काय होता, असे विचारले. "तुम्हाला बोलावलं होतं." नेमके शब्द? "विसरलो नाही, वहिनी. तोंडातून निघत नाहीत."

म्हणजे माझा बाप, मुलीला निरोप पोचला आणि तरी ती आली नाही, असे समजून गेला. वर्षभर मी याच्यापुढे विचार करू शकलेले नाही. भाजी चिरताना हात थांबतो.

स्वरूपा म्हणाली, "आई, काढ त्यांना घराबाहेर. आल्झो, तर मग, नोटीस मी लिहून देते." चित्रपटात असते तर मी त्यांना पायऱ्यांवर गाठले असते. शेवटच्या मारेकऱ्याला मीच मारले होते, पाच वेळा, कारण प्रकाश नीट पडत नव्हता. त्यानंतर आम्ही दोघांनी कँटीनमध्ये बटाट्याचे सूप घेतले. प्रत्यक्षात समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस आहे आणि त्याला दुसरे घर नाही.

६. तळमजल्याची खोली शरदचंद्रांना हयातभर राहायला द्यावी. त्यांचे वोनरेश्ट, म्हणजे राहण्याचा हक्क, स्वरूपाने सरकारदरबारी नोंदवून घ्यावा. अट एकच. त्यांनी आज माझ्यासमोर बसून, या कागदावर, साक्षीदाराच्या जागी, अप्पांचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. एक शब्द अधिक नाही, एक कमी नाही. माफीचा मजकूर लिहिल्यास खोली रद्द. लिहिले नाही तरी रद्द.

क्षमा मी त्यांना देत नाही. ती अप्पांची होती, आणि अप्पांच्या मालमत्तेची वाटणी करण्याचा अधिकार मला नाही.

७. माझे दहन करावे. अस्थी पद्माकरांशेजारी ठेवाव्यात. भाषण कोणी करू नये, शरदचंद्रांनी तर नाहीच. त्यांनी यायला हरकत नाही. बसायला खुर्ची द्यावी.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे.

बॉबलिंगेन, १८ मे २०१४
ऊर्मिला पद्माकर खांबेटे

साक्षीदार पहिला: खांबेटेकाकूंनी माझ्यासमोर सही केली. हृषिकेश मोहन टिल्लू, शेजारी.

साक्षीदार दुसरा: अप्पा पान बघून म्हणाले ते असे. "ही आमची ऊर्मी नव्हे. हिने तलवार पळीसारखी धरली आहे. ऊर्मीला सांगा, आईला काय लिहायचं ते लिहू दे, तू ये. मी मुंबईला घ्यायला येतो. लग्नाचं काय, लग्नं होतच असतात. आणि तुम्ही एवढ्या उन्हाचे आलात, ताक घेतल्याशिवाय जाऊ नका." शरदचंद्र गणेश वर्तक.

वाचले. खोली त्यांना द्यावी.
ऊ. प. खांबेटे