बँकरच्या फोटोतला माणूस

आप्पा, तुमचे घाटातले फोटो मी चाकणच्या एका कंपनीला दिले होते आणि गेल्या आठवड्यात ते भिंतीवरून उतरवून परत घरी आणले. तेव्हापासून मला शिसारी बसली आहे. ती कुणापुढे ओकायची, तर तुमच्यापुढेच. बाकी सगळ्यांना माझं भाषण ऐकायची सवय आहे, ते टाळ्या वाजवून मोकळे होतात. तुम्ही कधी टाळी वाजवली नाहीत.

तुमच्या भोसरीच्या वर्कशॉपला गुरुवारी सुट्टी असायची. शेजारपाजारचे लोक त्या दिवशी गिरणीवर दळण न्यायचे, सासुरवाडीला जायचे, नाहीतर झोपा काढायचे. तुम्ही सेकंडहँड कॅमेरा गळ्यात अडकवून मला उठवायचात. आई डबा भरताना पुटपुटायची, "लोकं गुरुवारी देवाला जात्यात, आमचं येडं मालगाडीला जातंय." भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिठात बुडवलेली कैरी. चिंचवडहून लोणावळ्याची गाडी, पुढे खंडाळ्यापर्यंत पायपीट, मग रुळांच्या वरच्या अंगाची डोंगरातली पायवाट. तुम्ही दगडावर रुमाल अंथरून बसता आणि मला सांगता, आता गप्प बस, घाट आपोआप बोलेल. खरंच बोलतो. खालून कर्जतच्या बाजूनं आधी घरघर येते, मग कितीतरी वेळ काहीच दिसत नाही, आणि मग बोगद्यातून मालगाडी बाहेर पडते, इतकी हळू की तिच्याबरोबर चालत जाता आलं असतं. पुढच्या इंजिनाकडे तुम्ही पाहतही नाही. वाघिणींमागून वाघिणी जातात. कोळसा जातो, सिमेंट जातं, तुमचा डोळा कॅमेऱ्यालाच चिकटलेला. शेवटी गाडीच्या ढुंगणाला लागलेली, ती सगळी ओझी डोंगरावर रेटत आणणारी जुनी इंजिनं येतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. रंग उडालेली, पत्रे पोचे पडलेली, तेलानं काळवंडलेली. "पुढच्याचा फोटो सगळेच काढतात," एवढंच तुम्ही म्हणायचात आणि खटका दाबायचात.

हे वाक्य मी तुमच्याकडून घेतलं आणि भरपूर वापरलं. पुढे मी कंत्राटी कामगारांसाठी गेटसभा घ्यायला लागले तेव्हा तुमची बँकर इंजिनं माझ्या प्रत्येक भाषणात यायला लागली. पाटी पुढच्या इंजिनावर, हार पुढच्या इंजिनाला, आणि घाट कुणाच्या जोरावर चढतो? लोक उसळायचे. एकदा तुम्ही भोसरीच्या सभेत मागे सायकल धरून उभे होतात. घरी आल्यावर चहा बशीत ओतत म्हणालात, "इंजिनाला इंजिन राहू दे की. सगळ्याला भाषणात कशाला ओढतीस?" मला राग आला होता. जगात सगळ्यातच राजकारण असतं, असं काहीतरी मी वाचलेलं तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही बशी संपवलीत आणि लेन्स पुसायला बसलात.

तर ही कंपनी. गाड्यांचे सुटे भाग बनवते. दोन वर्षं भांडून आम्ही तिथल्या कंत्राटी पोरांचा करार करून घेतला, आणि करार झाल्यावर कंपनीला एकाएकी आमच्याबद्दल प्रेम दाटून आलं. नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर 'श्रम आणि यंत्र' असं काहीतरी करायचंय, ताई, तुमच्या वडिलांचे फोटो आहेत म्हणे. मी हुरळले. म्हटलं, आप्पा ज्या पट्ट्यात आयुष्यभर लेथवर उभे राहिले त्या पट्ट्यात आप्पांच्या नावाची भिंत होतेय. उद्घाटनाला दोन शब्द बोलायचंही कबूल केलं.

तुमचा तो सगळ्यात चांगला फोटो त्यांनी मधोमध, पुरुषभर उंचीचा लावला होता. वळणावरचे दोन बँकर. मी जवळ जाऊन पाहिलं. इंजिनाचा उडालेला रंग भरून कंपनीचा निळा दिला होता. आभाळ नारिंगी केलं होतं, जाहिरातीतल्या सरबतासारखं. आणि रुळाकडेला घण खांद्यावर टाकून उभा असलेला तो रूळ ठोकणारा गँगमन गायब होता. त्याच्या जागी हिरवंगार, कातरून ठेवल्यासारखं गवत. पुसणाऱ्याला एवढंही नीट जमलं नव्हतं. घणाचं डोकं तेवढं राहून गेलं होतं, इंजिनाच्या दिव्याशेजारी हवेत लटकलेलं, गाठ आल्यासारखं.

तिथे उभ्या डिझाइनवाल्या तरुणाला मी विचारलं, "माणूस कुठं गेला?"

"मॅडम, क्लीन लूक पाहिजे होता. ते अंकल फ्रेमच्या मधेच येत होते."

"मधे येत नव्हता तो. कामावर होता."

"हो, पण तसा तो फोटोचा सब्जेक्ट नाहीये ना."

कंपनीचे एचआरवाले धावत आले. "ताई, काय राव, एवढ्याशा गोष्टीसाठी! साहेब पोचतायत पाच मिनिटांत. नंतर बदलून घेऊ की." समोर खुर्च्यांवर साहेब लोक, आणि मागे भिंतीला टेकून आमची करारातली पोरं, उभी. त्यांना खुर्च्या नव्हत्या. मी माइक घेतला. म्हणाले, ज्यांना कामगार कामावर हवा असतो पण भिंतीवर चालत नाही, त्यांच्या भिंतीवर माझ्या बापाचा फोटो राहणार नाही. म्हणाले, माझ्या वडिलांनी आयुष्यभर इंजिनांचे नाही, कष्टकऱ्यांचे फोटो काढले. मागून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. आमच्यातला एक लातूरकडचा पोरगा शिडी घेऊन आलाच. "ताई, त्यो एकच काढू का समदेच?" म्हटलं, समदेच. साहेब आले तेव्हा भिंतीवर नुसते खिळे होते. आता तिथे बर्फाळ डोंगरातल्या कुठल्यातरी परदेशी आगगाडीचं विकतचं चित्र लावलंय असं कळलं. त्यात माणूस नाहीच, त्यामुळे पुसायची कटकट नाही.

घरी येऊन तुमची मूळ प्रत काढली आणि तो गुरुवार जसाच्या तसा समोर आला. वरच्या अंगाला आपण दोघं. खाली गँगमनांची टोळी गाडीसाठी बाजूला झालेली. बाकीचे सावलीला बसतात, हा एकटा रुळाकडेला आपल्याकडे तोंड करून उभा राहतो. तुम्ही हात हलवून ओरडता, "अहो, बाजूला व्हा! इंजिन येतंय, फोटो घ्यायचाय!"

खालून त्याचा खणखणीत मावळी आवाज. "घ्या की मग! रोज रूळ आमी ठोकायचा, आन फोटो इंजनाचा व्हय?"

"अहो, रोल संपत आलाय!"

"मंग बेतानं घ्या. मी काय हलत न्हाई." त्याची टोळी खदाखदा हसते. तुम्ही चरफडता. मला म्हणता, "माणसं कंपनीत रोज बघतोच की गं. इथं तरी नको होती." बँकर वळणावर येतात, दुसरा क्षण मिळणार नसतो, तुम्ही दात खाऊन खटका दाबता. आणि तरी, पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी तुम्ही त्या फोटोची प्रत पाकिटात घालून घेऊन गेलात. तो रुळाकडेलाच भाकरी खात होता. बोटं सदऱ्याला पुसून त्यानं फोटो धरला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाला, "माझ्यामागं इंजन बी बरं आलंय की!" लोणावळ्याला परत येईपर्यंत तुम्ही हसत होतात. तुम्हाला इतकं हसताना मी घरी कधी पाहिलं नव्हतं.

तो माणूस तुमच्या फोटोत तुम्ही घेतला नव्हतात, आप्पा. तो स्वतःच्या जिद्दीवर शिरला होता. नारिंगी आभाळवाल्यांची मला किळस येते, कारण जागा अशी भांडून मिळवलेल्या माणसाला त्यांनी माउसच्या एका फटक्यात उडवलं. पण त्या संध्याकाळपासून स्वतःचीही थोडी येते. त्यांनी फोटोतून माणूस काढला आणि मी भाषणातून तुम्हाला. तुमच्या जागी मला हवा तो बाप उभा केला, आणि त्याच्यावर टाळ्या घेतल्या.

मूळ प्रत मी आता कामगारांच्या ऑफिसात लावली आहे, पत्र्याच्या भिंतीला. उडालेल्या रंगासकट, त्याच्यासकट. पोरं विचारतात, हा कोण? मी सांगते, हा हलला नाही तो.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. कारण कंपनीची ती गवत भरलेली प्रत मी फाडली नाही, गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, आणि एक भीती मनातून जात नाही. तुम्ही ती उजेडात धरली असतीत, निळ्या रंगाला नाक मुरडलं असतंत, आणि वळणावरच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत हळूच म्हणाला असतात, हे मात्र बरं झालं. मग मी तुमच्याशी भांडले असते, आणि ती भिंत तरीही रिकामीच केली असती.